एकावर एक

"सकाळीच येऊन गेलास की रे! परत कशाला तंगड्या तोडत आलास?" खाटेवरून अप्पा म्हणाले.

धाकटा स्टुलावर बसता बसता थांबला. "मी कुठे सकाळी, अप्पा? मी आत्ता येतोय, कामावरून."

"बरं, बरं. आणि आपले धाकटे चिरंजीव कुठायत? बाप मरायला टेकला, तरी तोंड दाखवायला येववत नाही का त्याला?"

"अप्पा, मीच धाकटा."

अप्पा हसले. झटक्यानंतर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, त्यामुळे हसू अर्ध्यावरच राहिलं. "आता त्याचं नाव लावून येतोस होय? लहानपणी त्याने काच फोडली की तू पुढे व्हायचास, मीच फोडली म्हणून. मला काय कळत नव्हतं? मार मात्र तुलाच द्यायचो. पाठीशी घालायची तुझी खोड गेली नाही अजून, थोरल्या."

काचा फोडल्याचं धाकट्याला आठवत होतं. मार का बसला नाही, हा प्रश्न मात्र त्याला कधी पडलाच नव्हता.

झटक्यापासून अप्पांना रंग तेवढे दिसत, चेहरे दिसत नसत. आवाजावरून ओळखावं, तर दोघा भावांचा आवाज इतका सारखा की फोनवर त्यांच्या बायकाही फसत. राहिला शर्ट. धाकट्याच्या अंगावर नवाकोरा, पिवळाधमक, चौकड्यांचा शर्ट होता. बायकोने आणला, त्याने घातला. आरशात बघायचं राहून गेलं.

"तुमच्या घरात शर्ट एकच आहे का हो? आळीपाळीने घालता?" औषधं वाटणाऱ्या सिस्टरने विचारलं. "सकाळी तुमचे भाऊ येतात ना, त्यांच्याही अंगात हाच. मला वाटलं, सकाळचेच परत आले."

वॉर्डातले दोन-तीन पेशंट हसले. हसण्यासारखंच होतं. धाकट्याला ना हसू आलं, ना राग आला.

घरी आल्यावर त्याने बायकोला विचारलं. ती भांडी पुसत होती, पुसतच राहिली. "एकावर एक फुकट होता. रंगही तेवढाच उरला होता. तुम्हाला दोन-दोन पिवळे कशाला? म्हणून एक जाऊबाईंना दिला."

"तुम्ही बोलता एकमेकींशी?"

"भांडण तुमचं आहे. आम्ही दर आठवड्याला भाजी आणायला बरोबर जातो."

भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते आणि जावा एका पिशवीत भाजी आणत होत्या. धाकट्याने मान डोलावली आणि जेवायला बसला.

भांडण आई गेली त्या दिवसाचं. धाकटा शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करतो. त्या दिवशी तो एका मोठ्या शीतगृहात कॉम्प्रेसर उघडून बसला होता आणि त्या जाड भिंतींच्या आत फोनला रेंज नव्हती. तो घरी पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. थोरला दारात उभा होता. चार लोकांदेखत तो म्हणाला, "पाहुणे आले. चहा टाका त्यांना." एवढंच. त्यानंतर धाकटा त्या दाराची पायरी चढला नाही आणि थोरल्यानेही बोलावलं नाही. गारठ्यात फार वेळ काम केलं की बोटं बधिर होतात, कापलं तरी कळत नाही. धाकट्याचं आत तसंच होऊन बसलं होतं. अप्पा आजारी पडल्यावर दोघांनी न बोलताच वेळा वाटून घेतल्या: सकाळ थोरल्याची, संध्याकाळ धाकट्याची.

दुसऱ्या दिवशी तो जुना निळा शर्ट घालून गेला. वॉर्डबॉयचे कपडेही निळेच. अप्पांनी डोळे किलकिले केले. "वॉर्डबॉय, भांडं दे रे लवकर."

त्याने भांडं दिलं, पांघरूण वर धरलं, भांडं रिकामं करून धुऊन आणलं. "देव तुझं भलं करो," अप्पा म्हणाले. "माझ्या धाकट्याला सवडच नाही बघ." त्याने पुन्हा सांगून पाहिलं. अप्पांनी हात झटकला. "तुला थोरल्याने पढवून ठेवलं असणार!"

निळ्यात वॉर्डबॉय, पिवळ्यात थोरला. धाकटा व्हायला कपाटात शर्टच नव्हता.

दिवसेंदिवस अप्पांचं बोलणं तुटत चाललं. डॉक्टरांनी धाकट्याला बाहेर बोलावून सांगितलं, भेटायचं असेल त्यांना भेटून घेऊ द्या. मी रोज भेटतोय, असं त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. धाकटा आलाच नाही, एवढं मनात धरून म्हातारा जाणार होता. आता एकच इलाज होता, दोघांनी एका वेळी समोर उभं राहणं.

सकाळी त्याने पिवळा शर्ट चढवला आणि कामावर खाडा केला.

थोरला स्टुलावर बसला होता. शाळेतला कारकून, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, शर्ट खोचलेला. तो घरातसुद्धा कधी उघडा बसत नसे. त्याने वर पाहिलं. त्याची नजर आधी धाकट्याच्या शर्टावर गेली, मग स्वतःच्या.

"अगंबाई, बँडवाले आले!" कोपऱ्यातून सिस्टर म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

अप्पा बराच वेळ बघत राहिले. "थोरल्या, डॉक्टरला सांग. आता एकाचे दोन दिसायला लागलेत."

धाकटा खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याचं सांगून झालं होतं.

"अप्पा, दुसरा धाकटा आहे," थोरला म्हणाला.

"घाल पाठीशी."

थोरला उठला. त्याने गळ्याचं बटण काढलं, मग दुसरं, मग सगळीच. भरल्या वॉर्डात त्याने शर्ट उतरवला. आतला पांढरा बनियन काखेत विरला होता. पांढऱ्या केसांची छाती, बारीक दंड. धाकट्याने भावाला असं कितीतरी वर्षांनी पाहिलं. शर्ट कुठे ठेवावा ते थोरल्याला सुचेना. त्याने तो धाकट्याच्या हातात दिला आणि धाकट्याने तो पाठीमागे लपवला.

"मी इकडे, अप्पा. पांढरा तो मी," थोरला म्हणाला. "पिवळा तो धाकटा."

अप्पांची नजर पांढऱ्यावरून पिवळ्यावर गेली, परत आली, पुन्हा गेली. त्यांनी चालता हात उचलला.

"धाकट्या? आलास?"

"हो, अप्पा."

"फार उशीर केलास रे."

हाताला मऊ, ऊबदार शर्ट लागत होता. रोज येत होतो, असं म्हणता आलं असतं. "हो," तो म्हणाला. "उशीर झाला."

बनियनमधला थोरला खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलले. वळला तेव्हा डोळे लाल होते.

वेळ संपली, तसे दोघे बाहेर आले. व्हरांड्यात थोरल्याने हात पुढे केला, धाकट्याने शर्ट दिला. घाईघाईने बटणं लावत थोरला जिन्याकडे निघाला. एक बाजू वर गेली होती, एक खाली लोंबत होती, आणि तसाच तो शाळेत जाणार होता.

"दादा," धाकटा म्हणाला.

थोरला जिन्यात थांबला.

"बटण चुकलंय."

थोरल्याने खाली पाहिलं. काढलेलं बटण पुन्हा चुकीच्याच काजात गेलं. धाकटा दोन पायऱ्या खाली उतरला आणि वरपासून एकेक बटण काढून पुन्हा लावू लागला.