जड, गोल आणि गुळगुळीत

मी एक म्हातारी बदकीण आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. मित्रांनो, यात रागावण्यासारखे काही नाही. तुम्ही पावाचा तुकडा पुढे करून काठावर उभे राहता, "ये ये" म्हणता, तेव्हा मी आधी तुमचा दुसरा हात कुठे आहे ते बघते.

हा स्वभाव मला झोपेमुळे लागला. आम्ही बदके ओळीने झोपतो. मधली दोन्ही डोळे मिटतात. कडेची मात्र एकच डोळा मिटते आणि बाहेरच्या बाजूचा उघडा ठेवते. तिचा अर्धा मेंदू झोपतो, अर्धा पहारा करतो. मी अंड्यातून सर्वांत शेवटी बाहेर आले, म्हणून माझ्या वाट्याला ओळीची कडच आली. जिने अर्धे आयुष्य एका डोळ्याने झोपून काढले, तिच्याकडून भोळेपणाची अपेक्षा ठेवू नका.

आमचे तळे लांबट आणि मधे वाकलेले आहे. एका टोकाला कारखाना आणि त्याचा नाला. दुसऱ्या टोकाला लाकडी धक्का, भाड्याने मिळणाऱ्या नावा आणि नाववाल्याचे घर. आमचा थवा धक्क्याजवळ राहायचा. घरात नाववाला, त्याची बायको, त्याचे वडील आणि एक लहानगी. लहानगीला सगळे चिमणी म्हणत. माणसाच्या पोरीला पक्ष्याचे नाव कशासाठी, असाही संशय मला तेव्हा आला होता.

नाववाल्याने मला हवालदारीण हे नाव ठेवले होते, कारण धक्क्यावर कोणीही पाय ठेवला की मी ओरडत असे. "थांबा, हवालदारीणबाईंनी तपासल्याशिवाय नावेत बसायचं नाही," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइके हसायची, माझे फोटो काढायची. त्या वर्षांत मला मान होता. माझ्या पहाऱ्यात एकही पिल्लू कुत्र्याच्या तोंडी गेले नाही, एवढेच सांगते.

माझा विश्वास होता तो फक्त खड्यांवर. आम्हाला दात नसतात. त्याऐवजी पोटात पेषणी नावाची जाड स्नायूंची पिशवी असते आणि तिच्यात आम्ही खडे साठवतो. गिळलेले दाणे त्या खड्यांमध्ये भरडले जातात. म्हणजे तुमचे दात तोंडात असतात आणि आमचे पोटात, तेही काठावरून वेचून आणलेले. आईने शिकवले होते की खडा घ्यावा तो जड, गोल आणि गुळगुळीत. दगडाला तोंड नसते, म्हणून तो खोटे बोलत नाही, असे ती म्हणायची. धक्क्याखालच्या गाळात तसे खडे भरपूर होते. लहान, काळपट, अगदी एकसारखे. इतके एकसारखे खडे निसर्गात सापडत नाहीत, हे मला सुचायला हवे होते, पण खड्यांच्या बाबतीत माझे दोन्ही डोळे मिटलेले होते.

सर्वांत आधी थव्यातली थोरली आजारी पडली. तिचे पंख उतरत्या छपरासारखे लोंबू लागले. मान धरवेना. विष्ठा हिरवी झाली. पाण्यात चारा असूनही तिच्या छातीचे हाड दिसू लागले आणि एके सकाळी ती लव्हाळ्यात मरून पडलेली सापडली. मग दुसरी, मग तिसरी. मी सगळ्यांवर नजर ठेवली. कुत्र्यावर ठेवली. शिळा पाव टाकणाऱ्या बाईवर ठेवली. नावांच्या नव्या रंगावर ठेवली. आणि सर्वांत जास्त ठेवली ती जाळे घेऊन येणाऱ्या डॉक्टरीणबाईवर.

ती पक्ष्यांची डॉक्टर होती. ती आम्हाला जाळ्यात धरायची, पंखाखालच्या शिरेतून रक्त काढायची आणि पायात कडे अडकवून सोडून द्यायची. धक्क्याकडच्या बदकांना आणि नाल्याकडच्यांनाही. चांगल्या हेतूने कोणी सुई घेऊन येत नाही, असे माझे ठाम मत होते.

एका दुपारी मी तिच्या जाळ्यात होते, तेव्हा नाववाला दोरी गुंडाळत जवळ आला.

"सापडलं का काही?"

"रक्तात शिसं आहे. बरंच आहे."

"झालं तर मग! कारखाना. मी पहिल्यापासून सांगतोय, पण आमचं ऐकतंय कोण?"

"मलाही आधी तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "पण नाल्याकडची बदकं ठणठणीत आहेत. आजारी आहेत ती सगळी तुमच्या धक्क्यावरची."

"त्यांना सवय झाली असेल."

"विषाची?"

"का, आम्हाला नाही झाली हिच्या स्वयंपाकाची?"

"ऐकू येतंय मला," घरातून त्याची बायको म्हणाली आणि चिमणीला कडेवर घेऊन बाहेर आली.

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिने सरळ विचारले, "वहिनी, घरात कुठे शिसं आहे का हो? जुनं, पडलेलं?"

"शीस? छे हो. आमच्याकडे लिहिणारं आहे कोण?"

डॉक्टरीणबाई पुढे काही विचारणार, इतक्यात चिमणी पोट धरून किंचाळायला लागली. "हल्ली असंच करते मेली," असे म्हणत बायको आत पळाली आणि बोलणे तिथेच राहिले.

मित्रांनो, हा सगळा घोटाळा नावाचा. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. तो कोळशाच्या नात्यातला, निरुपद्रवी. शिसे फक्त तिच्या नावात राहिले आहे. बायकोला शिसे म्हणजे पेन्सिलीचे टोक एवढेच ठाऊक होते. आणि ज्या वस्तूत खरोखर शिसे होते, तिला त्या घरात कोणी शिसे म्हणतच नव्हते.

त्या घरात तोवर एकाच माणसावर माझा संशय नव्हता. ते म्हणजे चिमणीचे आजोबा. ते आमच्याकडे काही फेकत नसत, आम्हाला "ये ये" करत नसत. घरामागच्या चुलीवर जुन्या तव्यात ते काहीतरी करडे वितळवत, साच्यात ओतत आणि थंड झाले की गळाचा दोरा पाण्यात बुडावा म्हणून त्याला लावायच्या गोळ्या तयार होत. धक्क्यावर मासे धरणारे सगळे त्यांच्याच गोळ्या वापरत. दोरा तुटला की गोळी गाळात. चिमणी चुलीजवळच्या राखेत बसलेली असे. वेड्यावाकड्या निघालेल्या गोळ्या आजोबा तिला डबीत घालून देत आणि ती डबी वाजवत बसे. पूर्वी ती काठावर धावायची. हल्ली बसूनच असायची.

मग पाळी माझी आली. आधी उडवेना. मग पोहताना एक बाजू बुडायला लागली. धक्क्यावर अनोळखी पाय वाजले तरी ओरडायला गळ्यातून आवाज निघेना. "हवालदारीणबाई रिटायर झाल्या," नाववाला म्हणाला. गिऱ्हाइकांनी फोटो काढायचे सोडले. एकाने वल्ह्याने ढोसून पाहिले आणि "आळशी आहे" असा निकाल दिला. ओळीतली माझी कडेची जागाही गेली. मला मधे झोपवले गेले, म्हणजे मी निरुपयोगी झाले.

आजोबांनीच मला पायरीखाली पडलेली पाहिले. त्यांनी मला टोपलीत घातले, वरून आपला टॉवेल पांघरला. "सूनबाई, चल. तूही चिमणीला दाखवून घे वाटेत," ते म्हणाले. मी टोपलीच्या फटीतून त्यांच्याकडे बघत होते. म्हातारी बदकीण टोपलीत घालून नेणाऱ्या माणसाच्या मनात साधारण काय असते, ते मला माहीत होते.

पण ते मला दवाखान्यातच घेऊन गेले. टेबल गार होते. डॉक्टरीणबाईने माझ्या छातीच्या हाडावरून बोट फिरवले आणि मला एक्स-रेच्या यंत्राखाली ठेवले. थोड्या वेळाने भिंतीवरच्या उजेडाच्या चौकटीत माझे पोट दिसू लागले. स्वतःचे पोट असे टांगलेले बघणे बरे वाटत नाही.

"हे करडे दिसतात ते साधे खडे," ती म्हणाली. "आणि हे पांढरेशुभ्र ठिपके, तो धातू. ही त्यांना खडे समजून गिळते. मग ते पेषणीत झिजतात आणि रक्तात उतरतात."

आजोबांनी चष्मा लावला, चौकटीला नाक लावले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, ही तर माझी गोळी!"

"तुमची?"

"ही बघा ना, अजून झिजली नाही. कडेला दोन खाचा. दोरा सरकू नये म्हणून मी दोन पाडतो. बाकीचे आळशी, एकावर भागवतात. अख्ख्या तळ्यावर दोन खाचांची गोळी फक्त आमची!"

आजोबांचे बोट चौकटीवरच राहिले.

"या गोळ्या कशापासून करता, आजोबा?" डॉक्टरीणबाईने विचारले.

"जुने नळ असतात ना, पाडलेल्या घरांतले. मऊ असतात, लगेच वितळतात."

"ते शिसं आहे."

"आम्ही नळच म्हणतो," आजोबा म्हणाले. आता आवाज लहान झाला होता.

"पण शिसं तर पेन्सिलीत असतं ना?" सुनेने विचारले.

"पेन्सिलीत नसतं, वहिनी. यात असतं." डॉक्टरीणबाई वळली. चिमणी आईच्या मांडीवर होती. तिची दोन बोटे तोंडात होती आणि नखांत करडी राख होती. "ही तिथे खेळते? ते वितळवतात तिथे?"

"राखेतच असते दिवसभर. गोळ्या तोंडात घालते, मी काढते. परत घालते." सून थांबली. "जेवत नाही. चार शब्द बोलायला लागली होती, तेही बंद झाले. आम्ही म्हटलं, हट्टी आहे, आजोबांवर गेली."

आजोबा स्टुलावर बसले. "मीच दिल्या तिला," ते म्हणाले. "बिघडलेल्या निघाल्या त्या. म्हटलं, टाकायच्या कशाला? आणि सगळे मिळून कारखान्याला शिव्या देत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"मी जनावरांची डॉक्टर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "हिला काय झालंय, ते सांगायचा मला अधिकार नाही. पण समोरच्या इस्पितळात आत्ताच्या आत्ता जा. पोट दुखतं एवढंच सांगू नका. रक्तातलं शिसं तपासा, असं सांगा. शिसं. हाच शब्द."

दारातून बाहेर पडेपर्यंत सून तो शब्द ओठांत घोळवत होती, विसरू नये म्हणून.

चिमणीच्या रक्तात शिसे निघाले, खूप निघाले. माझी पेषणी नळीने धुऊन काढली गेली आणि मला एक औषध टोचले गेले. ते रक्तातल्या शिशाला धरते आणि लघवीवाटे बाहेर नेते. चिमणीलाही त्याच जातीचे औषध मिळाले, असे मी डॉक्टरीणबाईच्या बोलण्यात ऐकले. आम्हा दोघींना एकच दुखणे झाले होते. माझे आधी दिसले, एवढाच फरक. मी लहान आहे, गाळातून खाते, म्हणून विष माझ्यात लवकर बोलते.

मी तळ्यावर परत आले, तेव्हा चूल मोडलेली होती. घरामागची माती खरवडून नेलेली होती. सून आता केर कोरडा काढत नव्हती, ओल्या फडक्याने पुसून घेत होती, कारण शिशाची धूळ झाडली की उडते. आजोबा गुडघाभर गाळात उभे राहून चाळणीने गोळ्या वेचत होते. नाववाला वरून जात-येत होता, पण वडिलांशी बोलत नव्हता. बरेच दिवस बोलला नाही. एकदा चाळणी गाळात खोल रुतली, तेव्हा तो खाली उतरला आणि तिची दुसरी बाजू त्याने धरली. तेव्हाही बोलला नाहीच.

गळाला आजोबा आता लोखंडी नट बांधतात. "मासे हसतात मला," ते म्हणतात. "हसू देत." कारखाना काही संन्यासी नव्हे. नाल्याच्या पाण्यावर माझी नजर आजही आहे. पण ही चोरी त्याची नव्हती आणि सगळे त्याच्याकडे बोट दाखवत राहिले, म्हणून ती इतकी लांबली.

चिमणी पूर्ण बरी झाली का, हे मला सांगता येत नाही. इस्पितळातले डॉक्टरही म्हणाले की शिसे रक्तातून जाते, पण लहान मुलाच्या मेंदूत ते काय करून गेले, ते शाळेत जायला लागल्यावर कळेल. घरातले आता दिवस मोजत नाहीत, तिचे शब्द मोजतात. परवा ती धक्क्यावर आली, मला पाहिले, "पकल!" असे ओरडली आणि दोन्ही हात पसरून माझ्या अंगावर धावून आली. मी घाबरून पाण्यात उडी घेतली. मागे वळून पाहिले तर आजोबा पायरीवर बसून डोळे पुसत होते आणि सून म्हणत होती, "बाबा, 'पकड' म्हणाली ती. ऐकलंत?"

मी आजही खडा उचलते, तोंडात घोळवते आणि टाकून देते. गाळात अजून किती गोळ्या उरल्या आहेत, कोणालाच माहीत नाही. चोचीला शिसे आणि दगड यांतला फरक कळत नाही. तो तुम्हालाच करावा लागेल. म्हणून मित्रांनो, जुन्या नळाचा तुकडा, पोपडे सुटलेला जुना रंग, फुटलेली बॅटरी, गळाची गोळी, यांना घरात काय नाव आहे ते विचारू नका; ते कशाचे आहे ते विचारा. आणि पाण्याकाठी एखादे बदक पंख पाडून बसलेले दिसले, तर त्याला आळशी म्हणून पुढे जाऊ नका. त्याने काय गिळले ते शोधा, आणि शोधता शोधता त्याच काठावर कोणाचे मूल खेळते आहे, तेही बघा.