माझ्यात कुणी झोपेना!

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. पण मला नुसती गाडी म्हणालात तर मी रागावेन हां! माझ्या पोटात पलंग आहे, दोन शेगड्यांचा ओटा आहे, भांडी घासायला सिंक आहे आणि मागच्या कोपऱ्यात, लाजायचं काय त्यात, संडाससुद्धा आहे. चाकं असली म्हणून काय झालं? मला घर म्हणा.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला असला तोरा नव्हता. कोलशेतच्या एका कंपनीने मला कामगारांची ने-आण करायला घेतलं होतं. सकाळी कळव्याहून माणसं भरायची, खाडीचा पूल ओलांडायचा, कंपनीच्या फाटकात उतरवायची; संध्याकाळी तेच उलट. माझ्या सीटवर बसल्या बसल्या डुलक्या काढणारी ती माणसं मला फार आवडायची. दसऱ्याला माझ्या नाकावर झेंडूची माळ चढायची, चाकाखाली लिंबू फुटायचं आणि सगळे म्हणायचे, "आपली राणी कधी दगा देत नाही."

मग एक दिवस कंपनी बंद पडली. मला खाडीजवळच्या मोकळ्या जागेत उभं केलं आणि सगळे निघून गेले. कौतुकाचं असंच असतं बघा. चाक फिरतंय तोवर राणी, थांबलं की भंगार! टायरांतली हवा गेली. धुळीने भरलेल्या काचेवर कुणीतरी बोटाने 'मला धुवा' असं लिहून गेलं. मागच्या सीटखाली एका मांजरीने बाळंतपण उरकलं. मला खूप रडू यायचं, पण पुसायला वायपर कुठे चालत होते?

तिथून मला उचललं प्रफुल्लरावांनी. हे गृहस्थ सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. घोडबंदर रोडला कासारवडवलीत बाविसाव्या मजल्यावर राहणारे. दिवसभर मोबाइलवर परदेशी लोकांच्या घर-गाड्या बघून त्यांच्या डोक्यात किडा शिरला होता, की आपणही अशीच गाडी घ्यायची आणि बायकोला घेऊन समुद्राच्या कडेकडेने कोकण फिरायचं. हॉटेल नको, कुणाचे उपकार नकोत, जिथे आवडेल तिथे मुक्काम!

कोलशेतच्या बेसिलच्या गॅरेजमध्ये माझा नवा जन्म झाला. बेसिल म्हणाला, "प्रफुल्लभाऊ, इंजिन अजून कडक आहे. बाकीचं मी बघतो. तुम्ही फक्त मागे उभं राहून सूचना देऊ नका." प्रफुल्लरावांनी अर्थातच रोज मागे उभं राहून सूचना दिल्या. तरीही बेसिलने मला देखणं केलं. त्याच्या बायकोने, थेल्माने, नाताळच्या पडद्यांतून उरलेलं लाल फुलांचं कापड माझ्या खिडक्यांना शिवलं. आरशात बघून मलाच माझी दृष्ट लागेल की काय असं वाटलं!

फक्त एक माणूस माझ्यावर भाळलं नव्हतं. नीलाताई, म्हणजे प्रफुल्लरावांच्या सौभाग्यवती.

"अहो, बाविसाव्या मजल्यावर चांगलं घर आहे," त्या म्हणाल्या, "ते सोडून रस्त्यावर संसार मांडायचा? लोक म्हणतील, मुलाने घराबाहेर काढलं वाटतं!"

त्यात आगीत तेल ओतायला नीलाताईंचा भाचा बंटी हजर होता. बंटी डोंबिवलीला मोमोज विकतो. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मावशी, नाय आवडली तर मला दे. चाकं काढतो, विटांवर बसवतो, पलंग फेकून देतो. एकदम मस्त स्टॉल!"

माझं डिझेल गोठलं! खाडीकाठी उभं राहणं परवडलं, तिथे निदान चाकं तरी होती.

शेवटी नीलाताईंनी अट घातली. "कोकणातून परत येईपर्यंत मला या गाडीत एकदा, फक्त एकदा, सुखाची झोप लागली पाहिजे. नाही लागली, तर घरी पोचल्या पोचल्या चावी बंटीच्या हातात."

"मंजूर!" प्रफुल्लराव म्हणाले. मीही मनातल्या मनात मंजूर म्हटलं. एवढा मऊ पलंग, समुद्राचा वारा, आणि झोप लागणार नाही? हातचा मळ!

पण मित्रांनो, घात कुठे होतो बघा. निघायच्या आदल्या दिवशी प्रफुल्लरावांना राहवलं नाही. त्यांनी माझा फोटो, सगळा रस्ता आणि मुक्कामाची गावं घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'मुक्काम समुद्रकिनारी, आमच्याच गाडीत!'

अहो, कोकणात नातेवाईक असलेल्या माणसाने असं कधी करू नये! शहाण्या माणसाने तिथून गुपचूप जावं, आणि जमलं तर तोंडाला रुमाल बांधून जावं.

नागावच्या वळणावर नीलाताईंची शेवंतीमावशी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी होती. मी करकचून ब्रेक लावला नसता तर अनर्थच होता.

"गाडीत झोपणार म्हणे?" मावशीने खिडकीतूनच सुरुवात केली. "का गं, माझं घर काय ओस पडलंय?"

"तसं नाही मावशी," नीलाताई म्हणाल्या, "गाडीत सगळं आहे. पलंग आहे, ओटा आहे..."

"सगळं आहे? म्हणजे आमच्याकडचं पाणीसुद्धा नको तुम्हाला! बरोबर आहे बाई, मोठी माणसं तुम्ही."

संपलं! आता कुणाची बिशाद होती गाडीत झोपायची? दोघंही मुकाट्याने मावशीच्या घरात गेली. माझ्या पलंगावर झोपला नारळांचा ढीग, कारण रिकाम्या हाताने पाठवायची मावशीच्या घरात रीत नव्हती.

श्रीवर्धनला प्रफुल्लरावांचा चुलतभाऊ. तिथे पलंगावर फणस चढला. हर्णैला नीलाताईंच्या वहिनींचं माहेर. तिथे सुकवलेल्या बोंबलांची जुडी आली, आणि माझ्या पडद्यांना जो वास लागला तो लागलाच. संडासात कोकमाच्या बाटल्या रचल्या. गुहागरला तर कोण होतं? विहीणबाईंच्या नणंदेची जाऊ! तिला यांचं नावही धड ठाऊक नव्हतं, पण, "गाडीत झोपलात तर आमच्या गावाची अब्रू जाईल," म्हणून तीही हटून बसली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना? इथे सगळ्या किनाऱ्याचे पाहुणे अजीर्णाने बेजार झाले.

एकदा आम्ही पळून जायचा प्रयत्न केला. प्रफुल्लरावांनी फोन बंद केला, मला एका आडबाजूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत लपवलं, नारळ खाली उतरवले. नीलाताईंनी माझ्या ओट्यावर पहिल्यांदा कुकर चढवला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात एक स्कूटरवाला वाळूतून खडखडत आला.

"प्रफुल्लदादा ना तुम्ही? गुहागरच्या वहिनींनी सांगितलं, लाल पडद्यांची गाडी दिसली की सोडू नका. चला, घरी मोदक वाफेवर आहेत."

आणि मित्रांनो, एक शिट्टीही न झालेला तो कुकर त्या माणसाने स्कूटरच्या पुढ्यात ठेवून पळवला. नारळ पुन्हा पलंगावर.

परतीच्या वाटेवर नीलाताई थकून गेल्या होत्या. प्रेमळ माणसं होती सगळी, त्यांची काही तक्रार नव्हती. पण दर रात्री नवी गादी, नवी उशी, सकाळी उठून दुसऱ्याच्या घरातल्या चादरींच्या घड्या घालायच्या, दुसऱ्याच्या ओट्याशी विचारत उभं राहायचं, 'मी काही करू का?' त्यांची पाठ भरून आली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "इतकी फिरले, पण टेकले म्हणून कुठे नाही. तुमच्या हौसेला नावं ठेवत नाही मी. पण अट ती अट."

प्रफुल्लरावांनी माझ्या स्टिअरिंगवरून हळूच हात फिरवला, तो मला कळला. त्या हाताने मला फार वाईट वाटलं. मुंब्रा बायपास उतरलो, माजिवड्याला वळलो, घोडबंदर रोडला लागलो. कासारवडवली आता हाकेच्या अंतरावर, आणि मोमोजही.

आणि पातलीपाड्याजवळ सगळं ठप्प! पुढे कुठेतरी कंटेनर आडवा झाला होता. मागे गाड्या, पुढे गाड्या, दोन्ही बाजूंना गाड्या. भर दुपारची वेळ. लोक आधी हॉर्न वाजवून दमले, मग शिव्या देऊन दमले, मग उतरून रस्त्यावर उभे राहिले.

आमच्या शेजारी एक शाळेची बस अडकली होती. सहलीहून परतणारी छोटी मुलं. त्यांची टीचर, ऐश्वर्या नावाची घामाघूम झालेली मुलगी, माझ्या दारावर टकटक करून म्हणाली, "काकू, सॉरी हं, पण तुमच्याकडे बाथरूम आहे का? एकाला फार अर्जंट आहे हो."

नीलाताईंनी संडासातल्या कोकमाच्या बाटल्या अशा काही झपाट्याने बाहेर काढल्या की बघत राहावं. "ये रे बाळा, ये! थांब, आधी बूट बाहेर काढ. हे घर आहे."

मित्रांनो, तुम्ही नीट ऐकलंत ना? घर म्हणाल्या! मला! मी पडद्यांसकट थरारले.

एकाला अर्जंट होतं तोवर दुसऱ्याला झालं, मग अख्ख्या बसलाच झालं. घोडबंदर रोडच्या मधोमध माझ्या पायरीशी चिमुकल्या बुटांची रांग लागली. आत आलेलं पोर रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? नीलाताईंनी फणस फोडला. "गरे खा. बिया इथे टाका. आजी कोण रे म्हणालं? काकू म्हणायचं!" प्रफुल्लराव नारळ फोडायला बसले. ओट्यावर चहा उकळू लागला, तेव्हा रिक्षावालेही आले, टेम्पोवाले आले, बाइकवरची दोन पोरं आली. बोंबलांची जुडी टेम्पोवाल्याच्या घरी गेली.

"काकू, बसा जरा, मी कप धुते," टीचर म्हणाली. "मी काही करू का?"

"काही नको गं," नीलाताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पाहुणी आहेस तू." आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की सांगता सोय नाही. सगळा किनारा त्या पाहुणी म्हणून फिरल्या होत्या. आज त्यांच्या दाराशी पाहुणे आले होते.

पुढे कंटेनर हलल्याची बातमी आली. पोरं बूट घालून बसकडे पळाली. एक उजवा-डावा अदलाबदल करूनच गेला. माझ्यात एकदम शांत झालं. नारळ संपले होते, फणस संपला होता, पलंग मोकळा होता.

"रांग हलेपर्यंत जरा पाठ टेकते," असं म्हणून नीलाताई आडव्या झाल्या. थोड्याच वेळात माझ्या पोटातून घोरण्याचा आवाज येऊ लागला. चांगला दणदणीत! कळव्याच्या कामगारांनंतर इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता.

प्रफुल्लरावांनी मला अलगद चालू केलं. वाघबीळ गेलं. एका खड्ड्यात माझं चाक धपकन आदळलं, तशा नीलाताई डोळे न उघडता खेकसल्या, "अहो, सावकाश! घरात माणूस झोपलंय ना!"

सोसायटीच्या फाटकाशी बंटी उभा होता. हातात मोजायची टेप, खांद्याला पान्यांची पिशवी. आम्हाला बघून त्याने दोन्ही हात हलवले. "काका, चावी?"

प्रफुल्लरावांनी ओठांवर बोट ठेवलं, "श्श!" केलं आणि फाटकात न वळता मला सरळ गायमुखच्या दिशेने पुढे नेलं. मी आयुष्यात इतकी हळू आणि इतक्या ताठ मानेने कधी चालले नसेन. आरशात बंटी लहान लहान होत गेला.

आता माझा मुक्काम बेसिलच्या अंगणात असतो. नीलाताई अधूनमधून येतात, कधी पडदे धुतात, कधी नुसत्याच दुपारच्या झोपायला येतात. तर मित्रांनो, या म्हातारीचं एवढं ऐका. तुमच्या घरात कपाटात ठेवलेल्या चांगल्या कपबश्या असतील, गुंडाळून ठेवलेली सायकल असेल, प्लास्टिक न काढलेला सोफा असेल. त्यांना जपा, पुसा, तेलपाणी करा. पण त्याआधी त्यांना वापरा. आमचा जीव झिजल्याने जात नाही रे बाळांनो. वाट बघून जातो.