बर्फ मोजणाऱ्या खांबाची फिर्याद

साहेब, तुम्ही मला खोटे बोलायला लावलेत. तुमचे नाव मी घेत नाही. कोणत्या खुर्चीत बसून तुम्ही सही केलीत, ते गावाला ठाऊक आहे.

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे आणि हाल्डेनबाख गावात बर्फ मोजतो. अंगाला पांढरा रंग, त्यावर शून्यापासून तीनशेपर्यंत सेंटिमीटरचे काळे आकडे. पण जन्माने मी खांब नाही, टेकू आहे. गावावरच्या डोंगरात चांदीची खाण होती. तिच्या छताखाली स्प्रूस या डोंगरी सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे टेकू लावत, कारण आम्हाला एक खोड आहे. भार सोसवेनासा झाला की मोडण्याआधी आम्ही करकरतो. ओक मुकाट्याने सोसतो आणि मुकाट्याने मोडतो.

फाइट नावाचा खाणकामगार आत शिरताना मला रोज थाप मारायचा. "काय म्हातारबा, आज काही बोलायचंय का?"

एकदा मी बोललो. अकरा माणसे हातातले टाकून बाहेर पळाली, आणि मग पुढचे छत बसले. मी वाचलो. फाइटने दुसऱ्या दिवशी डब्यातले सॉसेज मला दाखवले आणि म्हणाला, "दात असते तर अर्धं तुला दिलं असतं."

पुढे चांदी संपली. गावाकडे उरले दगडांचे ढीग, लांबलचक हिवाळा आणि हवा. आश्चर्य म्हणजे हवाच खपली. खालच्या शहरांतले डॉक्टर खोकणारी माणसे आमच्याकडे धाडू लागले. घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. फाइटच्या सुनेने शेळ्यांची खोली रंगवून तिला 'सूर्यदर्शन' असे नाव दिले. खोलीची एकुलती खिडकी उत्तरेला होती. खोकणाऱ्यांच्या मागून धडधाकट माणसेही आली, पायांत स्की बांधून. त्यांचा प्रश्न एकच, बर्फ किती? म्हणून मला खाणीतून ओढून काढले, रंगवले आणि वरच्या उघड्या कुरणात मधोमध रोवले.

ओटिली ही फाइटची पणती. तिची बेकरी आहे. एकतीस हिवाळे ती सकाळी सातला कुरणात आली, हातमोज्याने माझे आकडे पुसले, वाचले आणि बेकरीबाहेरच्या पाटीवर खडूने लिहिले. पावाच्या रांगेत हॉटेलवाला ड्रोसेल असायचाच.

"ओटिलीताई, एकवीस कशाला, पंचवीस लिहा ना. चार सेंटिमीटरनं कुणाचं काय जातंय?"

"मग तुझा पाव चार सेंटिमीटर आखूड देते. तुझं तरी काय जातंय?"

रांग हसायची. ड्रोसेलही हसायचा आणि अख्खा पाव घेऊन जायचा.

मग हिवाळे रोडावले, आणि साहेब, तुमचा हुकूम आला. मला 'अधिक सोयीच्या जागी' हलवले. ती जागा म्हणजे पाहुण्यांसाठी बांधलेल्या सार्वजनिक स्नानगृहाच्या मागच्या भिंतीपासून दोन पावले. वारा सगळे बर्फ तिथे आणून टाकतो, आणि उरलेसुरले छपरावरून माझ्या डोक्यावर घसरते. कुरणात अठरा सेंटिमीटर होते, मी दाखवत होतो चौऱ्याऐंशी. हुकमात लिहिले होते, 'खांब दाखवेल तोच आकडा लिहावा.' आमच्या गावात कागदावर शिक्का असला की माणूस खिडकीबाहेर बघत नाही. ओटिलीसुद्धा चुकली. तिने चौऱ्याऐंशी लिहिले.

शनिवारी पांकोक नावाचे निवृत्त ट्रामचालक तीन नातींना आणि एका घसरगाडीला घेऊन आले. गाडी कुरणात दहा पावले गेली आणि दगडावर खरखरत थांबली. धाकटी नात तडक बेकरीत आली.

"आजी, ते चौऱ्याऐंशी कुठे ठेवलंय?"

ओटिलीचा चेहरा उतरला. तिने एप्रन काढला आणि मुलीला हाताला धरून माझ्याकडे आणले. "हे बघ, इथे. सगळं इथेच साठवलंय."

त्या तिघी दुपारभर माझ्याशेजारच्या ढिगावरून घसरल्या, पडल्या, पुन्हा चढल्या. इतकी मजा मला कधीच आली नव्हती. ओटिली मात्र हसली नाही.

दुसऱ्या दिवशी पाटीवर होते: 'भिंतीमागे ८४. कुरणात १८. सूप गरम आहे.'

काही पाहुणे परत गेले. बाकीचे चालायचे बूट घालून डोंगरात हिंडले, जुनी खाण पाहून आले, सूप प्याले. ड्रोसेल पावाच्या रांगेत पुटपुटला, "ताई, अठरा वाचूनही माझ्याकडे दोन कुटुंबं राहिली. म्हणतात, इथली माणसं सरळ दिसतात."

"तुला बघितलं नसेल अजून त्यांनी," ओटिली म्हणाली.

त्याच आठवड्यात, साहेब, तुम्ही ती पाटी उचलून नेलीत. आता म्हणे सोमवारच्या सभेत माझा निकाल आहे. भिंतीमागे ठेवायचे, की जुना झाला म्हणून करवत लावायची. कुरणाचे नाव तुमच्या कागदावर नाहीच.

मित्रांनो, जी वस्तू तुम्हाला खरे सांगते, तिला जपा. तिचा रंग उडाला तर पुन्हा द्या, पण तिला आडोशाला उभे करू नका. मी करकरलो नसतो तर त्या अकरा जणांची घरे आज या गावात नसती, आणि साहेब, त्या अकरांतल्या एकाचे आडनाव तुमच्या दारावरच्या पाटीवर आहे.

काल ओटिली आली. फाइट मारायचा तिथेच तिने थाप मारली. "बोल म्हातारबा, आता तूच बोल."

म्हणून बोललो. मला कुरणात कधी नेता आणि ओटिलीची पाटी कधी देता? दिवस सांगा, साहेब. सोमवारी, सगळ्यांसमोर, तोंडाने सांगा.