सैनिक भागिले डॉक्टर

अल्मुटने काजूचा डबा दोन्ही हातांनी परत पुढे सरकवला.

"नको हो कर्नलसाहेब. दूतावासांकडून आम्हाला काही घेता येत नाही. नियम आहे."

"दूतावासाचा नाही हा. माझ्या आईने पाठवलाय," कर्नल अमारो म्हणाले आणि डबा तिच्या कागदांवर ठेवून मोकळे झाले. "आता आईला नाही म्हणा बघू."

खिडकीबाहेर ऱ्हाइनवरून कोळशाची बोट संथ चालली होती. आत सभागृहात लोक कॉफीचे कप सांभाळत जागा धरत होते. बॉनमधल्या या शांतता-संशोधन संस्थेचा वार्षिक अहवाल आज जाहीर व्हायचा होता. अहवाल जाडजूड, पण वाचतो कोण? वर्तमानपत्रवाले थेट शेवटच्या तक्त्यावर उडी मारतात. कोणत्या देशाचं लष्करी वजन किती, त्याची ती उतरंड. ती अल्मुट ब्रिंकशुल्टने रचली आणि सगळी उमेदीची वर्षं तिच्यात घातली. नुसते रणगाडे आणि तोफा मोजून भागत नाही, हे तिचं म्हणणं. देशात सैनिक किती आणि डॉक्टर किती, तेही ताडून बघा; राज्यकर्त्यांना काळजी कशाची आहे ते तिथे उघडं पडतं. तक्त्यात वर चढलेल्या देशाने खजील व्हावं आणि शस्त्रं कमी करावीत, एवढीच तिची आशा. भाबडी म्हणा हवं तर, पण संस्थेतले आम्ही सगळेच तिच्या भरवशावर होतो.

म्हणून तर गेल्या वर्षी कर्नलांचा पहिला फोन आला तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. त्यांचा देश लहानसा, समुद्रकाठचा. नाव सांगत नाही. यात लाज वाटायची ती त्यांना नव्हे, आम्हाला. लष्करातला माणूस स्वतःहून विचारतोय, हे मोजता कसं? हुरळली बिचारी. फोनवर तासन्‌तास तिने त्यांना सगळं उलगडून सांगितलं. राखीव दल कसं धरायचं, निवृत्त शिपाई कुठे टाकायचे, सगळं.

आज मात्र ती जरा रागातच होती.

"इतकं समजावलं मी तुम्हाला, आणि यंदा तुमचा देश केवढा वर गेलाय. काय घेतलंत? पाणबुडी?"

"पाणबुडी घ्यायची तर आधी देश गहाण टाकावा लागेल, बाई," कर्नल हसले. "एक बंदूकसुद्धा घेतली नाही. खेड्यापाड्यांतले सरकारी डॉक्टर लष्करात भरती केले. छावणीत आणले, गणवेश दिले. सैनिक वाढले, डॉक्टर घटले. एका दगडात दोन पक्षी. तुम्हीच म्हणाला होतात ना, गणवेश चढला की तो सैनिक."

ती म्हणाली होती. कोणत्या खोलीत, कोणत्या खुर्चीत बसून म्हणाली होती तेही तिला आठवलं.

"पण कशासाठी?"

"शेजारी दर वर्षी तुमचा तक्ता बघतात. आम्ही तळाला होतो तोवर त्यांच्या बोटी बेधडक आमच्या हद्दीत घुसून मासे न्यायच्या. आता बिचकतील." कर्नल अगदी मनापासून बोलत होते. "रक्त नाही, कर्ज नाही. तुम्ही शांततेवाली माणसं. म्हटलं, तुम्हाला आवडेल."

"आणि खेड्यात कोणी आजारी पडलं तर?"

कर्नलांनी काजूचा डबा कागदांवर जरा सरळ केला.

"आईच्या गावच्या दवाखान्याला कुलूप आहे. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, काढेल ती कसेतरी."

अल्मुटच्या कानांच्या पाळ्या तापल्या. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं तिला. ती तशीच उठून संचालकांकडे गेली. फोल्कमार तिचा तरुणपणापासूनचा सोबती. क्षेपणास्त्रांविरुद्धच्या मोर्चात दोघं पोलिसांसमोर रस्त्यावर बसलेली.

"तक्ता नको दाखवूस," ती म्हणाली. सगळं सांगितलं.

"आत्ता सांगतेस? पत्रकार येऊन बसलेत. तक्ता नसेल तर ते कॉफी पिऊन जातील, आणि त्यांच्यामागोमाग आपले देणगीदार."

"दवाखाने बंद पडलेत, फोल्कमार. माझ्यामुळे."

"नंतर बोलू," त्याने कोटाचं बटण लावलं.

आणि ती गेली हो व्यासपीठावर. पोलिसांना न भ्यायलेली बाई, पण गेली. पडद्यावर तक्ता उमटला. एकेक नाव वाचत ती त्या नावापाशी आली, अडखळली, आणि वाचलं. तिसऱ्या रांगेत कर्नल अर्धवट उठून अदबीने वाकले. आमच्याकडे अशा सभांत टाळ्या वाजवत नाहीत, बोटांची पेरं बाकावर ठोकतात. पाहुण्याचा मान म्हणून लोकांनी बाकं ठोकली. अल्मुटने पुढचं नाव वाचलं.

प्रश्न विचारायची वेळ आली तशी मागच्या रांगेतली एक विद्यार्थिनी उभी राहिली.

"डॉक्टर मोजता, तसे शाळेतले शिक्षकही मोजायला नकोत का?"

पुन्हा बाकं ठोकली गेली. फोल्कमार खुलला.

"अल्मुट कधीपासून हेच सांगतेय. पुढच्या वर्षी करूनच टाकू. काय अल्मुट?"

कर्नलांनी खिशातून पेन काढलं आणि शहाण्या विद्यार्थ्यासारखे तिच्याकडे बघत बसले.

"नाही," अल्मुट म्हणाली. "शिक्षक मोजायचे नाहीत."

"अगं, हे तर तुझंच म्हणणं."

"होतं."

"मग आता काय झालं?"

सभागृह वाट बघत होतं. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं, आणि पत्रकारांची पेनंही उघडीच होती. फोल्कमार तिच्याकडे बघेना.

"काही नाही," ती म्हणाली. "माझं मत बदललं."

विद्यार्थिनी हिरमुसून खाली बसली. कर्नलांनी पेनाला टोपण लावलं.