देवरावनं पेटवलेलं कुरण

कळमेश्वरच्या अलीकडे सरकारी गवताचं मोठं कुरण होतं. होळी झाली की मृग लागेपर्यंत देवराव तिथं मचाणावर बसून आगीची राखण करी. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आठ दिवसांतून एकदा जंगलखात्याचा नाकेदार वामनराव सायकलवर येई, चार शब्द बोले नि जाई. एरवी दिवसभर कोणाशी बोलायची सोय नव्हती.

तरी दुपारी एक सोबत असे. पश्चिमेला, कुरणाच्या काठावर एक झोपडी होती. तिच्यातून धुराची बारीक रेघ वर चढली की देवराव आपली भाकर सोडी. तिथं कोण राहतं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं मनाशीच ते घर भरून टाकलं होतं: नवराबायको, दोन पोरं, एक म्हातारा.

सदतीस सालच्या चैत्रात पश्चिमेचा कोरडा वारा सुटला. चार दिवस झाले तरी थांबेना. गवत मुठीत धरलं की चुरा होई. वामनराव घामाघूम होऊन आला.

"त्या झोपडीतली चूल बंद करून ये. एक ठिणगी उडाली तं कुरण जाईल, अन् पुढची गावं बी. मी गावांत सांगत जातो."

देवराव गेला. झोपडीत एकटी म्हातारी भाकर थापत होती. नाव गोपिका. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मुलगा नागपूरला गिरणीत लागला होता, तो दोन वर्षांत फिरकला नव्हता.

"कोण हाय?"

"कुरणाचा राखणदार, बाई. वारा लई हाय. चूल इझवा लागते."

म्हातारीचा हात तव्यावर थांबला. "दिवाळीपासून दारात कोणी आलं नाई. अन् आलं ते चूल इझवाले?"

पुढं तिनं हुज्जत घातली नाही. तांब्यातलं पाणी स्वतःच निखाऱ्यांवर ओतलं आणि अर्धी कच्ची भाकर मोडून त्याच्यापुढे धरली. "बस गा. मीठ-तिखट हाय."

खरं तर त्यानं लगेच मचाणावर परतायला हवं होतं. पण कितीतरी दिवसांनी कोणी त्याला बस म्हणालं होतं. तो बसला. ती मुलाचं सांगत राहिली, मेलेल्या बकरीचं सांगत राहिली. त्यानंही बायकोचं नाव कौशल्या होतं ते सांगितलं.

बोलता बोलता गोपिका थबकली. "धूर येऊन राहिला गा. गवताचा."

देवराव बाहेर धावला. पश्चिमेच्या गाडीवाटेकडून आग येत होती. कोणा गाडीवानाची चिलीम सांडली असेल. वाऱ्यापुढं ती सुसाट सुटली होती. तो एकटा पळून जाऊ शकला असता. गोपिकाला धड चालता येत नव्हतं.

झोपडीच्या पूर्वेला, कुरणात पाय ठेवून, त्यानं स्वतः काडी ओढली. गवत भस्सकन पेटलं, वाऱ्याबरोबर पुढं पळालं आणि मागं काळी जमीन उरली.

"चाल, माय."

"कुठी नेऊन राहिला?"

"जळलेल्या जागी. तिथं आता आग लागत नाई."

तिला पाठीवर घेऊन तो गरम राखेतून मधोमध गेला. तिला बसवून अंगावर घोंगडी टाकली. मागची आग झोपडी खाऊन आली, काळ्या जमिनीपाशी दोन्हीकडे फुटली आणि निघून गेली. गोपिकानं त्याचा दंड धरला होता. आग गेल्यावरही तिनं तो बराच वेळ सोडला नाही.

पुढं गवत कापून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर गावकरी कडुनिंबाच्या फांद्या घेऊन उभे होते. तिथं आग अडली. गावं वाचली, कुरण गेलं.

"इथं काडी कोणं ओढली?" वामनरावनं संध्याकाळी झोपडीपाशी येऊन विचारलं. गावकऱ्यांनी दोन आगी पाहिल्या होत्या.

"मी."

"काहून?"

"म्हातारी होती."

"हे मी वर कसं लिहू, देवराव?" वामनराव म्हणाला, आणि त्यानं राखणदाराचा बिल्ला मागून घेतला.

गोपिकाला गावकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी मुलाकडं नागपूरला जाणाऱ्या बैलबंडीत बसवून दिलं. देवराव वाडी गावात एका शेतावर राखणीला राहिला.

श्रावणात तो एकदा पायी नागपूरला गेला. गिरणीमागच्या तीन चाळी हिंडला. "गोपिका नावाची म्हातारी, कळमेश्वरकडची, डोळ्यानं अधू." कोणाला ठाऊक नव्हतं. मुलाचं नाव काय, लोक विचारत. ते तेवढं त्यानं तिला विचारलंच नव्हतं. चौथ्या चाळीच्या ओट्यावर तो पाऊस थांबेपर्यंत बसला, मग वाडीच्या रस्त्याला लागला.