तक्रारीच्या बाकाची तक्रार

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, आणि मला एका नव्या बाकाचा हेवा वाटतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. मागाहून तुमच्या लक्षात आले असते, तर मला जास्त ओशाळल्यासारखे झाले असते. मला बोलायची सवय नाही. माझा जन्म ऐकण्यात गेला. तेव्हा सांगताना कुठे अडखळलो, तर सांभाळून घ्या.

माझे लाकूड काही उंची नव्हे. डब्यांच्या कारखान्यात पत्रा ज्या खोक्यांतून येई, त्या खोक्यांच्या फळ्या जोडून तिथल्या सुताराने मला बनवले. माझ्या एका पायावर 'ही बाजू वर' अशी काळी अक्षरे आहेत, आणि ती नेमकी उलटी बसली आहेत. कुणीतरी ते दाखवले तेव्हा सुतार म्हणाला, "राहू दे की. बसणाऱ्याला थोडंच दिसतंय!" माझ्या मनात स्वतःविषयी जी शंका कायमची घर करून आहे, ती बहुधा तिथूनच आली असावी.

त्या वेळी साहेब तरुण होते. व्यवस्थापक म्हणून नुकतेच कामावर आले होते. खोलीत एक टेबल होते, एक कपाट होते आणि मी होतो. साहेबांची खुर्ची अजून यायची होती. अशात एक हमाल तक्रार घेऊन आला. त्याचा पाय सुजून भोपळ्यासारखा झाला होता. साहेबांनी त्याला माझ्यावर बसवले आणि सुजलेला पाय उचलून माझ्यावरच ठेवायला लावला. मग साहेबांना बसायला जागा उरली नाही. गोदामाच्या पायऱ्या निसरड्या होत्या, त्या खरवडून घ्यायच्या होत्या, आणि ते कुणाच्या अखत्यारीत येते हे कुणालाच ठाऊक नव्हते. साहेबांनी एकेकाला बोलावून घेतले, आणि सारा वेळ ते उभे होते. काम मार्गी लागल्यावर हमाल लंगडत गेला. साहेब भिंतीला टेकून आपल्याशीच म्हणाले, "बसून ऐकलं असतं, तर याला महिना लागला असता."

त्यातून रीत पडली. ज्याची तक्रार असेल त्याने बाकावर बसायचे आणि साहेबांनी उभे राहायचे. तक्रार मिटली असे त्या माणसाला वाटले, की तो आपणहून उठणार. तोवर साहेब बसणार नाहीत आणि दुसऱ्या कुठल्या कामाला हात लावणार नाहीत. पुढे त्यांची गुबगुबीत फिरती खुर्ची आली, ते कंपनीचे प्रमुख झाले, खोलीत गालिचा आला. रीत मात्र मोडली नाही, आणि मीही हललो नाही.

माझ्यावर किती माणसे बसली! भांडून आलेले दोघे दोन टोकांना बसत आणि उठताना मध्यावर सरकलेले असत. एकदा म्हातारे हिशेबनीस बसले होते. बोलता बोलता त्यांना रडू कोसळले आणि हातातली शाईची बाटली माझ्यावर लवंडली. तो डाग अजून आहे. आणि पॅकिंग खात्यातल्या मावशी तर माझ्या हक्काच्या. चहा गार येतो, पंखा किरकिरतो, नवा मुकादम माणसांना शिट्टी वाजवून बोलावतो, काही ना काही असायचेच.

"मावशी, आज काय?" साहेब खुर्चीतून उठत विचारायचे.

"आज काही नाही. पाय दुखत होते, म्हटलं टेकावं जरा. पण आता तुम्ही उभेच राहिलात, तर सांगते."

दुसऱ्या कंपन्यांचे लोक मला पाहायला येत. एका मासिकात माझा फोटोही छापून आला. मला वाटू लागले, की साहेब जे काही आहेत ते माझ्यामुळे आहेत. हे चुकीचे असेलही. पण चार पायांवर एका जागी उभ्या असलेल्याला एवढा तरी समज असू द्यावा.

मग साहेबांनी देशाची निवडणूक लढवायचे ठरवले. त्यांचे वडील पुढारी नव्हते, आजोबा नव्हते, पाठीशी पक्षही नव्हता. "लोक त्याच त्या तोंडांना कंटाळलेत," ते म्हणत. "मी बाहेरचा आहे, हेच माझं भांडवल." कारखाना त्यांनी बायकोच्या भावावर सोपवला. त्यांना सगळे मेहुणे साहेब म्हणू लागले. आणि प्रचारासाठी एक जाहिरातवाला आला. एका जागी पाय न ठरणारा माणूस.

माझी गोष्ट ऐकून तो टाळी वाजवून म्हणाला, "बस्स! हाच आपला प्रचार. लोकांना बसवून स्वतः उभा राहणारा माणूस!" मी असा काही फुगलो, की माझ्या फटी बुजल्या असतील. तेवढ्यात त्याने बुटाच्या टोकाने मला हलवून पाहिले. "पण हा नको. हा गावोगाव न्यायचा म्हणजे चार माणसं लागणार. आणि कॅमेऱ्यात अगदीच भंगार दिसेल हो. असाच दुसरा करून घेऊ."

तो दुसरा आला. हलका, घडीच्या पायांचा, मधासारख्या रंगाचा. एवढ्यावर भागले असते, तर मी गप्प बसलो असतो. पण खरा वाटावा म्हणून त्यांनी त्याच्यावर माझे ओरखडे रंगवून घेतले होते. माझा शाईचा डागसुद्धा एका चित्रकाराने ब्रशने काढला. मित्रांनो, त्या डागासाठी कुणी रडले नव्हते! आयुष्यभराच्या माझ्या जखमा त्याला एका दुपारी, काही न दुखता मिळाल्या.

खोलीत प्रचाराच्या बातम्यांसाठी टीव्ही लावला होता. रोज मला त्यात तो दिसे. मंचावर, झगझगीत उजेडात. आधीच ठरवलेला एक माणूस त्याच्यावर बसे आणि आधीच ठरवलेला एक प्रश्न विचारी. साहेब उभे असत, पण माईक त्यांच्या हातात असे आणि बोलतही तेच असत. मग टाळ्या वाजत आणि तो माणूस उठे. माझ्यावरून टाळ्यांमुळे कधी कुणी उठले नव्हते. तरीही त्या टाळ्या ऐकून माझा जळफळाट होई. माझ्यावर तेव्हा पत्रकांचे गठ्ठे रचलेले असत. त्यावर छापलेले चित्र कुणाचे, हे वेगळे सांगायला नको.

हेच चित्र पत्र्याच्या बिल्ल्यांवरही उमटवायचे ठरले. डब्यांची झाकणे कापायचे मशीन बिल्ल्यांच्या कामाला लावले. ते माझ्या खालच्याच मजल्यावर आहे. त्याचा धप्प धप्प आवाज जमिनीतून माझ्या पायांत येतो. त्या दिवसांत तो दुप्पट वेगाने येऊ लागला.

शेवटच्या मोठ्या सभेच्या दिवशी सकाळी मावशी खोलीत आल्या. त्यांनी माझ्यावरचे गठ्ठे उचलून खाली ठेवले आणि त्या बसल्या.

"मेहुणे साहेब, उठा."

"का बरं?" फिरत्या खुर्चीतून मेहुणे साहेबांनी विचारले.

"मी बसलेय ना!"

ते हसले. "अहो मावशी, ती भाऊजींची पद्धत. चहाचं काय असेल ते सांगतो मी कँटीनला."

"चहा गेला चुलीत. मशीनची जाळी कुठाय?"

मशीनच्या पात्यापुढे एक लोखंडी जाळी असते. ती खाली पडल्याशिवाय पाते चालवायचे नाही, म्हणजे हात आत राहत नाही. दरवेळी ती वरखाली करण्यात वेळ जातो, म्हणून मेहुणे साहेबांनी ती काढून टाकली होती. मशीनवर मावशींची भाची काम करत होती. मावशींनी पिशवीतून एक हातमोजा काढून टेबलावर ठेवला. त्याच्या पहिल्या बोटाचे टोक कापून गेले होते.

मेहुणे साहेब जरा दचकले. "लागलं का तिला?"

"लागलं असतं तर मी इथे कशाला आले असते? दवाखान्यात असते. पोरीनं वेळेवर हात ओढला. दरवेळी ओढेल?"

"निवडणूक झाली की लगेच बसवतो जाळी. शब्द देतो."

"बरं. मग तोवर मी बसते."

आणि त्या बसून राहिल्या. मेहुणे साहेबांनी टेबलावरची कामे उरकायला घेतली. नेहमीच्या तक्रारी करणारी बाई, कंटाळून उठेल, असे त्यांना वाटले असावे. खाली धप्प झाले, की मावशी डोळे मिटत. त्यांचा तळवा माझ्या कडेवर घट्ट दाबलेला होता. आणि मी काय विचार करत होतो? कितीतरी दिवसांनी माझ्यावर कुणीतरी बसले आहे, एवढाच.

दुपारी साहेब आले. सभेला जाण्याआधी 'जिथून सारे सुरू झाले' त्या खोलीत थोडे चित्रीकरण करायचे होते. मागून जाहिरातवाला, कॅमेरेवाला आणि त्या दोघांच्या मागून, माझ्याच दारातून, तो आत आला. त्याचे पाय उलगडून त्याला खिडकीपाशी ठेवले. ऊन त्याच्यावर असे पडले, की मी दुसरीकडे पाहिले असते, जर मला वळता आले असते तर.

"मावशी, जरा तिकडच्या बाकावर बसता का?" जाहिरातवाला लाडीगोडीने म्हणाला. "उजेड छान आहे तिथे. टीव्हीवर दिसाल!"

"मी इथून उठले, की तक्रार मिटली असं होतं. विचारा तुमच्या साहेबांना."

साहेबांनी मावशींकडे पाहिले, मग हातमोज्याकडे. "हे कुठल्या कामावर?"

"तुमच्या छातीवर आहे ना, त्या कामावर."

साहेबांनी मान खाली घालून आपल्या बिल्ल्याकडे पाहिले. मेहुणे साहेब खुर्चीतून उठले. "भाऊजी, तुम्हीच फोनवर म्हणालात, सभेच्या आत सगळे बिल्ले पाहिजेत म्हणून. जाळी लावून झाले असते का?"

"मी म्हणालो खरं," साहेब म्हणाले. "मशीन बंद कर."

पायांतला धपका थांबला. मावशींनी सोडलेला श्वास मला फळीवर जाणवला.

"झालं तर मग!" जाहिरातवाला म्हणाला. "फार छान. मावशी, आता उठा. साहेब, हेच आपण पुन्हा एकदा करू, त्या बाकावर."

"जाळी बसली कुठे?" मावशी म्हणाल्या. "तुमची गाडी फाटकाबाहेर गेली, की मशीन सुरू होईल."

जाळी शोधायला माणसे धावली. ती भंगाराच्या ढिगात सापडली, वाकडी झालेली. सरळ करायला, पुन्हा जोडायला संध्याकाळ होणार, असा मिस्त्रीचा निरोप आला. साहेब एकदा खाली जाऊन स्वतः पाहून आले आणि पुन्हा मावशींसमोर उभे राहिले. जाहिरातवाल्याचा फोन सारखा वाजत होता.

"साहेब, मैदान भरलंय. लोक वाट बघतायत!"

"सांगा त्यांना, रांगेत त्यांच्या आधी एक बाई आहेत."

"मग निदान हे तरी थेट दाखवू या! तुम्ही असे उभे, मावशी बसलेल्या..."

"नको," साहेब म्हणाले. "कॅमेरा बंद."

मला वाटले, आता तरी हा कोपरा, हे साहेब, ही दुपार माझी. खिडकीपाशी तो उन्हात एकटा होता. मनातल्या मनात मी त्याला म्हटले, बघ. याला म्हणतात बाक.

दिवेलागणीला जाळी बसली. भाची स्वतः वर आली आणि म्हणाली, "मावशी, बसली गं. मी तपासली." तेव्हा मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. साहेब धावत गाडीकडे गेले, पण ते पोहोचेपर्यंत मैदान रिकामे होत आले होते. दुसऱ्या दिवशी विरोधक टीव्हीवर हसत होते. "ज्यांना एका बाईला बाकावरून उठवता येत नाही, ते म्हणे देश हलवणार!"

साहेब हरले. कुणी म्हणाले सभा चुकली म्हणून, कुणी म्हणाले एरवीही हरलेच असते. मला त्यातले कळत नाही. साहेब परत माझ्या खोलीत येणार, एवढेच मला कळले, आणि मला आनंद झाला.

ते आले. पण तो गेला नाही, मित्रांनो. त्याला टाकून कसे द्यायचे, म्हणून साहेबांनी तो खिडकीपाशीच राहू दिला. मी भिंतीशी, तो उजेडात.

आणि आज मावशी आल्या. मी श्वास रोखून धरला. त्या माझ्याकडे आल्या, फळीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, याची ढलपी निघालीय हो. परवा माझे कपडे फाटले. मी आपली तिकडे बसते." आणि त्या खिडकीपाशी जाऊन त्याच्यावर बसल्या. त्या रंगवलेल्या डागाशेजारी!

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखा कुणी असेल. त्याचा फोटो काढू नका, त्याची गोष्ट सांगू नका. त्याची निघालेली ढलपी तेवढी घासून काढा. दोन खिळे ठोका. पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरतो. मग त्याच्यावर बसा. आम्हाला याहून जास्त काही लागत नाही. मला तरी लागत नाही, असे वाटते.

मावशींचे अजून चालले आहे. चहाचेच आहे. साहेब उभे राहून ऐकत आहेत. तोंड तिकडे, पाठ माझ्याकडे.