तातेरावांच्या कुशीखाली

मित्रांनो, मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका दवाखान्यातली जुनी हवेची गादी आहे. अंगावर चार ठिगळं आहेत. पंप लावला की माझे फुगे आळीपाळीने भरतात आणि उतरतात, म्हणजे पडून असलेल्या माणसाचा भार एकाच जागी राहत नाही. नवी होते तेव्हा नर्स मंजुषाताई मला कौतुकाने सगळ्यांना दाखवायच्या.

मग कळमनुरीकडचे तातेराव आले. लकव्याने डावी बाजू गेलेली, त्यात शुगर, अंगात नुसती हाडं, आणि पोटात पेजेपलीकडे काही जात नव्हतं. त्यांची बायको पद्माबाई खाटेच्या डाव्या बाजूला बसायच्या. नवऱ्याचं तोंड आपल्याकडे राहावं म्हणून त्यांनी त्यांना डाव्या कुशीवर निजवलं. माझे फुगे टोचतील म्हणून स्वतः शिवलेली जाड वाकळ चौघडी करून खाली घातली. मी कितीही हलले तरी वर काही पोचेना.

"वाकळ काढा, मावशी. दर दोन तासांनी कूस बदला," मंजुषाताईंनी बजावलं.

"निवांत झोपून राहिले, बाई. काहून उठवू?"

मंजुषाताईंकडे चाळीस खाटा होत्या. त्या पुढे गेल्या.

तातेराव कण्हत नव्हते, कारण त्या बाजूचं त्यांना काही कळतच नव्हतं. वाकळ लघवीने ओली झाली होती. खुब्याचं हाड एकाच जागी रुतत होतं, आणि ते मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी मंजुषाताईंना खुब्यावर लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी लाली जाईना. त्यांनी वाकळ ओढून काढली, पण फार उशीर झाला होता; आतलं मांस आधीच मेलं होतं. आठवडाभरात कातडी फाटली, जखम हाडापर्यंत गेली आणि तिचं विष अंगभर पसरलं. तातेरावांचा डावा हात नुकता हलायला लागला होता, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी ते गेले.

"म्या कूस बदलली असती तर राहिले असते का, बाई?" पद्माबाईंनी विचारलं.

"मी बी परत येऊन बघायला पाहिजे होतं, मावशी," मंजुषाताई म्हणाल्या, आणि दोघी रडल्या.

त्यानंतर माझ्यावर कितीतरी माणसं निजून बरी झाली. तरी खाट रिकामी असली की डाव्या बाजूला ते हाड अजून रुततं. पुन्हा तसंच होईल अशी मला भीती वाटते.

मित्रांनो, घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर ते शांत आहे म्हणून तसंच ठेवू नका. कूस बदला, अंग कोरडं ठेवा, रोज पाठ आणि खुबे उघडून बघा. मला सगळं कळत होतं, पण पद्माबाईंना हाक मारायला तोंड नव्हतं.